पूर्ण चित्र, न कापता

४ फेब्रुवारी

परत नकार. साधं पोस्टकार्ड, निळी शाई, एकच वाक्य: ‘पूर्ण चित्र छापणार असाल तर छापा, न कापता.’ खाली सही.

मी पाठवलेल्या छपाईच्या नमुन्यात काहीही कापलेलं नव्हतं. चारही बाजू मी स्वतः पट्टी लावून तपासल्या होत्या. हे इथे लिहितो, कारण कचेरीच्या फाईलीत राग लिहिता येत नाही.

संग्रहालयाचा मोठा ग्रंथ निघतो आहे. दोनशे बारा चित्रं. प्रत्येक चित्र छापायला चित्रकाराची परवानगी लागते; तो हयात नसेल तर वारसाची. लोकांना हे पटत नाही. चित्र संग्रहालयाचं, भिंत संग्रहालयाची, मग परवानगी कसली? चित्र आमचं आहे, त्याची छबी आमची नाही. एकोणीस वर्षं मी हे वाक्य समजावून सांगतो आहे. दोनशे अकरा परवानग्या आल्या. उरलं ते ‘उजाडताना’. चित्रकार जाऊन चोवीस वर्षं झाली. वारस एकच, धाकटी बहीण. शाळेचे गणवेश शिवतात. इथे त्यांना शिवणबाई म्हणेन.

६ फेब्रुवारी

संचालकबाईंनी बोलावलं. त्या उभ्यानेच बोलतात, त्यामुळे समोरच्यालाही बसता येत नाही.

“तीस एप्रिलला ग्रंथ छापखान्यात जातोय. परवानगी नाही आली तर ते पान दुसऱ्या चित्राला.”

“बरं.”

“आणि भिंतही.”

मला कळलं नाही.

“विश्वस्तांचा ठराव विसरलात? जूनमध्ये दालनं नव्याने लावायची. ग्रंथात असेल तेच भिंतीवर. बाकीचं तळघरात. ठराव मीच मांडला होता.” मग जरा थांबून म्हणाल्या, “तुम्हीच सांगा, कोणी थांबतं का त्या चित्रासमोर?”

मला माहीत नव्हतं.

तळघरात गेलेलं चित्र परत वर आल्याचं मी एकोणीस वर्षांत एकदाच पाहिलं आहे. तेही खाली पाणी शिरलं होतं म्हणून.

८ फेब्रुवारी

जेवताना बायकोला सांगितलं. ती शाळेत गणित शिकवते.

“कसं आहे चित्र?”

“राखाडी.”

“आणि?”

“एकशे सत्तेचाळीस बाय एकशे सतरा.”

“अहो, चित्र विचारतेय. पडद्याचं माप नाही.”

“फोटो आहे फाईलीत. आणतो उद्या.”

“म्हणजे पाहिलं नाहीत.”

“रोज त्याच्यासमोरून जातो.”

“रोज माझ्यासमोरूनही जाता,” ती म्हणाली, आणि मला भात वाढला.

९ फेब्रुवारी

दालन क्रमांक सहा. पहारेकरी अकरा वर्षं तिथेच बसतो, त्या चित्राच्या शेजारी.

“काही हरवलं का साहेब?”

“नाही. पाहतोय.”

“काय?”

“चित्र.”

त्याने चित्राकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्यावर काही आळ घेतला.

चार मिनिटं उभा राहिलो. सोनेरी, जाडजूड चौकट, वीतभर खोल. आत राखाडी. एका अभ्यासकाने या चित्रावर चार पानं लिहिली आहेत. ‘उजाडताना’ असं नाव देऊन उजेड नाकारणं हीच चित्रकाराची भूमिका, असं त्याचं म्हणणं. असेल. खालच्या बाजूला राखाडी किंचित हिरवट वाटली. डोळे शिणले असतील.

१९ फेब्रुवारी

पत्रांनी होत नाही म्हणून आज स्वतः गेलो. दोन खोल्या. खिडकीशी शिवणयंत्र, जमिनीवर पांढऱ्या सदऱ्यांचे ढीग, प्रत्येक ढिगावर शाळेच्या नावाची चिठ्ठी. शिवणबाई शहात्तर वर्षांच्या आहेत. गळ्यात मोजपट्टी.

“तुम्ही ते वकील?”

“वकील नाही. परवानग्यांचं काम बघतो.”

“म्हणजे नकार गोळा करायचं.” स्वतःच हसल्या. “बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय लटका आहे. सदऱ्यांवर बसा, इस्त्री व्हायचीच आहे.”

मी सदऱ्यांवर बसलो. नमुना काढून दिला. त्यांनी तो समोरून पाहिलाच नाही. कागद चिमटीत धरून अंगठा कडेवरून फिरवला.

“कापलंय.”

“नाही हो बाई. हे माप पाहा, रजिस्टरशी जुळतं.”

“माझ्यापुढे मापं काढू नका. पंचावन्न वर्षं मापंच घेतेय.” त्यांनी एक सदरा उचलला. “याला कापड किती धरू?”

“अंगाला येईल तेवढं.”

“आणि दुमड?”

मी म्हटलं, मला शिवणातलं कळत नाही.

“दिसतं तेवढंच कापड बेतलं तर सदरा दोन धुण्यांत उसवतो. आत दुमडलेलं कापडही सदऱ्याचंच असतं, वकीलसाहेब.”

मग त्या शाळांबद्दल बोलत राहिल्या. कुठल्या शाळेची मुलं कोपरं फाडतात, कुठली खिसे. वय झालं की माणसं विषय सोडून बोलतात. मी ऐकून घेतलं.

निघताना त्यांनी विचारलं, “पाहिलंत का तुम्ही ते?”

“पाहिलं ना.”

“कुठून?”

“समोरून.”

त्या यंत्राकडे वळल्या. मी जिना उतरेपर्यंत यंत्र चालू झालं होतं.

२० फेब्रुवारी

नवा मसुदा केला. चित्र कुठल्याही बाजूने कापलं जाणार नाही. चित्रावर अक्षरं येणार नाहीत. दोन पानांच्या मधल्या घडीत चित्र जाणार नाही. एवढा सोवळा मसुदा मी आजवर कोणाला पाठवलेला नाही. दोनदा वाचला. बरं वाटलं.

२ मार्च

पोस्टकार्ड. ‘कलमं चांगली आहेत. चित्र कापलेलंच आहे.’

४ मार्च

जुना पत्रव्यवहार काढला. बावीस वर्षं, माझ्याआधीचे दोन अधिकारी, पोस्टकार्डांची चळत. सगळीकडे तेच वाक्य. एका पत्राच्या समासात कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं आहे, ‘बाई तऱ्हेवाईक.’ अक्षर ओळखीचं वाटलं. माझंच होतं.

दुपारी दालन सहामध्ये गेलो. कामासाठी. या महिन्यात दोनदा, गेल्या महिन्यात पाच वेळा. डावीकडे खाली राखाडीखाली आणखी एक राखाडी आहे, आणि तिच्याखाली बहुधा तिसरी. नोंदवून ठेवलेलं बरं.

पहारेकऱ्याने दुसरी खुर्ची आणून ठेवली आहे.

९ मार्च

चित्र ज्याने भेट दिलं त्या कारखानदाराचं मूळ देणगीपत्र सापडलं. त्यात माप: एकशे पन्नास बाय एकशे वीस, जाडी नऊ सेंटिमीटर. आमच्या रजिस्टरात एकशे सत्तेचाळीस बाय एकशे सतरा. जाडीचा रकाना रिकामा.

कागद घेऊन छायाचित्रकाराकडे गेलो. त्याला सगळे अण्णा म्हणतात, संचालकबाईसुद्धा.

“तीन सेंटिमीटर कुठे गेले, अण्णा?”

“जातात कुठे? चौकटीच्या आत आहेत. चौकटीची कड दोन्ही बाजूंनी दीड-दीड खाते. सगळ्याच चित्रांचं होतं. चित्र आलं चौकटीत, फोटो काढला चौकटीत, दिसलं तेवढं मोजलं.”

“म्हणजे कापलं.”

“कापलं कुठे, झाकलं.”

“छापताना कापलंच ना?”

अण्णाने भिंग खाली ठेवलं. “बोटभर राखाडीसाठी ती बाई बावीस वर्षं भांडतेय असं म्हणायचंय तुम्हाला?”

“आणि जाडी नऊ कशी?”

“टाइप करणाऱ्याची चूक. पाच बोटं जाड चित्र कोण करतं?”

‘न कापता’ हा शब्द मी एकोणीस वर्षं करारांत लिहितो आहे. प्रत्येक वेळी मोजमाप रजिस्टरातून घेतलं. शिवणबाई दुमडीबद्दल जे बोलत होत्या ते विषय सोडून नव्हतं.

संचालकबाईंकडे चौकट काढण्याची परवानगी मागितली. सोमवारी संग्रहालय बंद असतं. “एक तास,” त्या म्हणाल्या. “काही निघालं नाही तर हे प्रकरण तुम्ही स्वतःच्या हाताने बंद करायचं.”

१६ मार्च

सोमवार. चित्रांची दुरुस्ती करणारी मुलगी, आम्ही तिला डॉक्टरीण म्हणतो, अण्णा, दोन हमाल आणि मी. मागची फळी आठ स्क्रूंनी बसवलेली. शेवटचा गंजला होता.

चौकट वर उचलली. मी वाकून पाहत होतो. बोटभर राखाडी दिसेल अशी तयारी होती.

राखाडी काठावर संपली. कापड पुढे वळत होतं, जाड लाकडी सांगाड्यावरून, पाच बोटं, थेट पाठीपर्यंत. आणि ती वळलेली चारही बाजूंची पट्टी नारिंगी होती. हा रंग मी कधी पाहिला नव्हता असं नाही. रस्ता खोदणाऱ्यांच्या जाकिटांवर असतो. अण्णा जे बोलला ते इथे लिहीत नाही.

पाठीवरच्या लाकडावर पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘भिंतीपासून दोन बोटं पुढे टांगावं.’ दोन लाकडी ठोकळे तसेच जागेवर होते. कोणी ते वापरलेच नव्हते.

लिहिल्याप्रमाणे टांगलं. हमाल बाजूला झाले.

इथून पुढे मला नीट लिहिता येणार नाही.

चित्राभोवतीची भिंत उजळली. कडेजवळ उजेड दाट, मग विरळ, मग तो कुठे संपतो ते सांगता येईना. मी मागे दिवा आहे का म्हणून भिंतीशी गाल लावून पाहिलं. मग अण्णाने पाहिलं. मग डॉक्टरिणीने, तिला सगळं माहीत असूनही. दिवा नव्हता. खिडकीतून येणारा साधा दिवसाचा प्रकाश त्या पट्टीवर पडत होता आणि ती तो रंगवून भिंतीला देत होती.

आणि राखाडी राखाडी राहिली नाही. भोवती नारिंगी आल्याबरोबर ती निळी झाली. खालचा हिरवट भाग खरा होता, डोळ्यांचा शीण नव्हता. तो आता लांब गेला, जमिनीसारखा. एक महिना मी ज्यासमोर बसत होतो ते हे नव्हतं. हे आत होतं आणि मी झाकणासमोर बसत होतो.

आम्ही सगळे पाहत उभे राहिलो. किती वेळ, घड्याळ पाहिलं नाही.

तास झाला म्हणून संचालकबाई आल्या. दारातूनच म्हणाल्या, “दिवे कोणी लावले?”

“दिवे नाहीत, बाई,” अण्णा म्हणाला.

त्या जवळ आल्या. त्यांचा फोन वाजला, त्यांनी तो बंद केला. मग पहारेकऱ्याच्या खुर्चीवर बसल्या. मी त्यांना बसलेलं प्रथमच पाहिलं.

बऱ्याच वेळाने डॉक्टरिणीने सांगितलं, हा रंग उजेडाला टिकत नाही. छत्तीस वर्षं चौकटीने झाकलं म्हणून तो आज असा आहे. उघडा ठेवला तर दहा वर्षं, फार तर पंधरा. तिने पाहणीचा अहवाल लिहायला घेतला. खालच्या कडेवर डावीकडे चार फिकट डाग, रंग उडालेला. भरून काढता येतील.

घरी बायकोने विचारलं, “निघालं का काही?”

“नारिंगी,” मी म्हटलं.

“आणि?”

तिने ताट बाजूला सारलं आणि वाट पाहत बसली.

१७ मार्च

एक गोष्ट डोक्यातून जाईना. बाईंनी सरळ सांगितलं का नाही?

सांगितलं होतं. परवानग्यांच्या फाईलीत नाही, ‘चौकटी, फर्निचर, पडदे’ या फाईलीत सापडलं. बावीस वर्षांपूर्वीचं, हाताने लिहिलेलं पत्र. ‘चौकट काढावी. आतल्या कडा दादाने रंगवल्या आहेत, त्या चित्राच्याच आहेत.’ त्याला भांडारपालांचं उत्तर: ‘सदर चौकट संग्रहालयाची मालमत्ता असून सुस्थितीत आहे.’

चौकटीबद्दलचं पत्र म्हणून ते फर्निचरकडे गेलं. नियमाने बरोबरच गेलं. मीही तिकडेच पाठवलं असतं.

२१ मार्च

शिवणबाई आल्या. आज सुट्टी नव्हती, पण दालन सहा बंद ठेवलं होतं. मी हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. “पडले तर धरा. आधीच धरून काय उपयोग?”

चित्रासमोर वीस मिनिटं उभ्या राहिल्या. समोर, मग डावीकडे, मग अगदी भिंतीला लागून. संचालकबाई आणि मी मागे उभे.

“विकलं तेव्हा शेवटचं पाहिलं असं,” त्या म्हणाल्या. “त्या कारखानदाराला उघडं चित्र बोडकं वाटलं. तुमच्याकडे आल्यावर एकदा येऊन गेले. चौकटीतलं बघून परत गेले ती गेलेच.”

“आम्हाला पत्र सापडलं तुमचं,” मी म्हणालो. “चुकीच्या फाईलीत होतं.”

“असेल. मी म्हटलं, आता एकच गोष्ट माझ्या हातात आहे. नाही म्हणायची.” मग हसल्या. “दादाचा उजवा खांदा निखळायचा. कडा रंगवायच्या तर हे धूड उचलून धरणार कोण? मीच. तो म्हणायचा हलू नकोस, आणि स्वतः तासभर रंग कालवत बसायचा. आठ दिवस माझी बोटं अशी नारिंगी. गिऱ्हाइकं म्हणायची, बाई, आमच्या पांढऱ्या कापडाला हात लावू नका.”

संचालकबाईंनी रंगाचं सांगितलं. उघडा ठेवला तर उतरेल.

“किती वर्षांत?”

“दहा. फार तर पंधरा.”

“मग मला पुरेल,” शिवणबाई म्हणाल्या.

संचालकबाई हसल्या आणि मधेच थांबल्या.

मी परवानगीचा कागद काढला. त्यांनी तो माझ्या खिशात परत सारला. “आधी छापून आणा. पूर्ण.”

“पण बाई, उजेड कसा छापणार?”

“ते मला नका विचारू. मी सदरे शिवते.”

त्या गेल्यावर संचालकबाई म्हणाल्या, “ठराव मीच मांडला, आता मीच कसा मोडू? ग्रंथात आणा. काय वाटेल ते करा, पण आणा.”

२५ मार्च

त्या चार डागांचं विचारायला राहून गेलं होतं. भरून काढायचे का, असं पत्र टाकलं. आज उत्तर आलं. ‘राहू द्या. माझे आहेत.’

डॉक्टरिणीने विचारलं, म्हणजे काय? मी म्हटलं, वारसाचा शब्द आहे, तसंच लिही.

संध्याकाळी या वहीत एकवीस तारखेचं पान वाचलं. मग उद्यापर्यंत थांबवेना म्हणून दालन बंद व्हायच्या आत परत गेलो. खाली वाकलो. चार डाग जवळजवळ होते. हात न लावता हवेत माझी बोटं त्यांच्यापुढे धरून पाहिली. हात माझ्याहून लहान होता.

२ एप्रिल

नवं कलम. ‘चित्र म्हणजे कापड, त्याच्या चार कडा, आणि कडांचा उजेड दिसेल तिथवरची भिंत.’ आमच्या कायदा सल्लागाराने कागद परत पाठवला. दिसेल तिथवर म्हणजे कुठवर, आणि कोणाला?

मोजायला गेलो. अण्णाला बावीस सेंटिमीटरपर्यंत दिसतो. डॉक्टरिणीला तीस. पहारेकरी उठला, चार पावलं चालून दिव्याच्या बटणाशी गेला आणि म्हणाला, “इथवर.” आम्ही हसलो. मग तिथे उभं राहून पाहिलं. हसायला नको होतं.

चाळीस लिहिलं.

९ एप्रिल

अण्णा तीन दिवस फोटो काढतो आहे. पहाटेचा नको, दुपारचा नको, दिव्याचा तर नकोच. काल चिडून म्हणाला, “चोवीस वर्षं इथे हजार फोटो काढले. एकही चित्र असं वेळ बघून बदललं नाही.” आज सकाळी दहा वाजून काही मिनिटांनी त्याने कॅमेरा खाली ठेवला आणि चहा प्यायला गेला. मिळाला बहुतेक.

१७ एप्रिल

छापखान्याचा पहिला नमुना आला. कोऱ्या पांढऱ्या कागदावर एक राखाडी चौकोन.

फोन केला.

“साहेब, तुमच्या भिंतीवर डाग होता,” तिकडचा माणूस म्हणाला. “चारी बाजूंनी. केवढा तरी. आम्ही साफ करून टाकला. तुम्ही सांगितलं नव्हतं, तरी आपणहून केला.”

“डाग नाही तो.”

“मग काय आहे?”

“चित्र.”

“साहेब, तुम्ही एकदा येऊन जाता का?”

मी त्याला उलट इकडे बोलावलं.

१९ एप्रिल

छापखान्याचा माणूस येऊन गेला. भिंतीजवळ गाल नेऊन दिवा शोधला. गेला तेव्हा माझी रजा घ्यायला विसरला. संध्याकाळी त्याचा फोन: परत करतो साहेब, कितीही वेळा करतो.

२६ एप्रिल

सहा नमुने झाले. साध्या शाईत नारिंगी मळकट येतो. खास चमकत्या शाईत झगझगीत येतो, पण तो मग नुसता पट्टा दिसतो, भिंतीला चिकटलेला. सहाव्यात दोन्ही शाया मिसळल्या. नमुना चित्राशेजारी धरला. अण्णा, छापखान्याचा माणूस, मी.

“यापुढे कागदाच्या हातात नाही,” छापखान्याचा माणूस म्हणाला.

चार दिवस उरले. सहावा नमुना चांगला आहे. दोनशे अकरांपैकी एकाचाही इतका चांगला नाही. बाईंना काय सांगायचं ते मनात जुळवून ठेवलं आहे: सहा खेपा, दोन शाया, जाड कागद, चाळीस सेंटिमीटर भिंत. आजवरची सर्वांत प्रामाणिक प्रत.

२८ एप्रिल

शिवणबाई बटणं लावत होत्या. नमुना त्यांनी यंत्राच्या फळीवर पसरला, चष्मा पुसला, पण लगेच पाहिलं नाही. माझ्याकडेच पाहत राहिल्या.

“कसं आलंय?”

सगळं जुळवलेलं होतं.

“नाही आलं,” मी म्हणालो.

“काय नाही आलं?”

“उजेड. इथे रंग आहे, तिथे उजेड आहे. तिथे राखाडी निळी होते, इथे राखाडीच राहते. खाली जमीन आहे, ती इथे जवळ आलीय, ती लांब हवी. आणि तिथे आपण चाललं की भिंतही बदलते. एक ढग गेला तरी कमी-जास्त होतो. सकाळी दहाला डावीकडून सुरू होतं. दुपारी पहारेकऱ्याच्या सदऱ्यावरही थोडा येतो, त्याला ते माहीत नाही.”

आणखीही बोललो असेन.

“मग छापायचं कशाला?” त्यांनी विचारलं.

“नाही छापलं तर चित्र तळघरात जाईल. छापलं तर लोक समजतील, चित्र हे एवढंच. मला ठरवता येत नाही. म्हणून तुमच्याकडे आणलं.”

आता त्यांनी पाहिलं. कागद खिडकीकडे केला, उलटा धरला, परत सरळ केला. खाली रस्त्यावर कोणीतरी मोठ्याने कोणाला तरी हाक मारत होतं. हाक थांबली.

“इतकी वर्षं जो आला तो मला सांगून गेला, हुबेहूब,” त्या म्हणाल्या. “मला म्हणायचे, बाई, फरक दाखवा. मी काय दाखवणार? ज्याला दिसत नाही त्याला दुमड कशी दाखवायची?” त्यांनी हात पुढे केला. “आणा तो कागद. आणि पेन द्या, माझ्या हाताशी खडू आहे नुसता.”

सही केली. मग सहीखाली एक ओळ लिहिली, सावकाश, मापाची नोंद करावी तशा अक्षरांत: ‘भिंतीवरचा उजेड छापलेला नाही, असं चित्राखाली छापावं.’

“हे करारात वेगळं कलम म्हणून घालू?”

“चित्राखाली घाला. कलमं कोण वाचतं?”

जिन्यावर बसलो. कागद गुडघ्यावर ठेवून ती ओळ पुन्हा वाचली. एकोणीस वर्षांत अशी अट कोणी घातली नव्हती. घालायला हवी होती, असं वाटलं, दोनशे अकरांनीही.

३० एप्रिल

ग्रंथ छापखान्यात गेला. पान एकशे अठरा.

बायकोला आज सुट्टी होती, तिला दालन सहामध्ये नेलं. तिने बराच वेळ पाहिलं. मी चित्राकडे पाहत नव्हतो. तिच्या एका गालावर उजेड आला होता. इतका वेळ मी तिच्याकडे कधी पाहिलं होतं ते आठवेना. “काय बघताय?” ती म्हणाली. मी म्हटलं, काही नाही. आणि मग म्हटलं, तू.

९ जून

दालनं उघडली. गर्दी बरी होती. दुपारी पहारेकरी माझ्या टेबलाशी आला. अकरा वर्षांत तो पहिल्यांदाच जिना चढून वर आला होता.

“साहेब, एक विचारायचं होतं. चित्राला हात लावला की मी ओरडतो.”

“बरोबर.”

“आज एक बाई आली. चित्राला नाही लावला. भिंतीलाही नाही. मधल्या उजेडात तळहात धरून उभी राहिली. मग तिच्या नवऱ्याने धरला. मग मागच्यांनी. रांगच लागली, साहेब. पार दारापर्यंत. ओरडायचं की नाही?”

मी नियमावली काढली. चित्राला हात लावू नये. चौकटीला लावू नये. काचेला लावू नये. उजेडाबद्दल काही नव्हतं.

“तुम्ही काय केलंत?” मी विचारलं.

तो अवघडला. टोपी या हातातून त्या हातात घेतली.

“उभा राहिलो,” तो म्हणाला. “रांगेत.”